लॅपटॉप सुरू होईपर्यंत

वरवट बकालला माझं कॉम्प्युटर-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. बाहेर पाटी आहे: 'जुना लॅपटॉप साधारण दहा ते पंधरा सेकंदांत सुरू होईल असा करून मिळेल.' ही पाटी रंगवताना पेंटरने मधेच ब्रश खाली ठेवला होता.

"संजूभाऊ, पाटीवर 'साधारण' कोनी लिहिते का? 'फक्त पाच सेकंदांत' लिहा. कोन घड्याळ घेऊन येते पाहाले?"

मी म्हणालो, "मीच पाहतो ना घड्याळ घेऊन."

खरंच पाहतो. प्रत्येक मशीन परत देण्याआधी ते तीनदा बंद-चालू करून वेळ मोजायची, हा माझा नियम आहे. पाच सेकंदांत सुरू झालेलं मशीन माझ्या दुकानात अजून आलेलं नाही, म्हणून पाटीवरही आलं नाही. पेंटरने ते लांबलचक वाक्य नाक मुरडून रंगवलं, शेवटचे चार शब्द दाटीवाटीने बसवले. लांबून पाहिलं की फक्त पहिला भाग वाचता येतो. त्यामुळे सुरुवातीला लोक बंद पडलेला लॅपटॉप काउंटरवर ठेवत आणि पंधरा सेकंद तिथेच उभे राहत.

दिवाळी अंकासाठी धंद्याबद्दल लिहा म्हटल्यावर मला प्रश्न पडला, कारण माझ्या धंद्यात दिसण्यासारखं काही नाही. सुतार खुर्ची दाखवू शकतो. मी काय दाखवणार? लॅपटॉप आला तसाच परत जातो, बाहेरून कणभर बदलत नाही. बदलते ती आतली एक वस्तू. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असते. तिच्या पोटात एक चकती गरगर फिरते आणि एक बारीक सुई तिच्यावर पुढे-मागे धावून माहिती शोधते. जुन्या किराणा दुकानात गूळ मागितला की शेठजी उठून आतल्या खोलीत जायचे, पोती सरकवायचे, मग गूळ घेऊन यायचे, तसं. ती डिस्क काढून एसएसडी बसवला, की त्यात फिरणारं काहीच नसतं. सगळा माल शेठजींच्या हाताशी. गूळ म्हणेपर्यंत गूळ समोर.

बसवायला फार कौशल्य लागत नाही. मागचे स्क्रू काढा, एक काढा, दुसरं बसवा. खरं काम आहे ते जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्यावर उतरवण्याचं. माणसाचा जीव त्यात असतो, लॅपटॉपमध्ये नाही. आणि खरी परीक्षा असते झाकण उघडल्यावर. जिनिंगमधल्या एका कारकुनाचा लॅपटॉप उघडला तर पंख्याभोवती इतका कापूस, की माझ्या बायकोने तो नीट वेचून त्याच्या वाती वळल्या. एका दूध डेअरीच्या लॅपटॉपची दसऱ्याला दरवर्षी मनोभावे पूजा व्हायची. हळद, कुंकू, अक्षता, सगळं कीबोर्डवर. अक्षतांचे दाणे बटणांखाली गेलेले, आणि कुंकू हवेच्या जाळीतून आत. मी ते साफ केलं तर डेअरीचे चेअरमन हळहळले, "पुसलं काऊन? देवाचं होतं ना ते." पुढच्या दसऱ्यापासून त्यांनी माझ्या सांगण्यावरून लॅपटॉप बंद करून, रुमालात गुंडाळून त्याची पूजा सुरू केली. धंद्यातला हा विजय मी लहान मानत नाही.

वेगाबद्दल मात्र माझ्या मनात कधी शंका नव्हती. हळू मशीन वाईट, वेगवान मशीन चांगलं. यात दुसरी बाजू असू शकते, हे मला वामनकाकांनी दाखवलं.

वामनकाका एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. आमच्या घरामागच्या गल्लीत राहतात. सगळी नोकरी याच भागातल्या गाड्यांवर झालेली. कोणत्या फाट्यावर कोण उतरतं, कोणाच्या मुलीला कुठे दिलं, कोणाच्या सासूचं कोणाशी पटत नाही, हे त्यांना तिकिटं फाडता फाडता पाठ झालं होतं. निवृत्तीनंतर हे ज्ञान वाया जाऊ नये म्हणून ते लग्नं जुळवू लागले. कोणाकडून काही घेत नाहीत. पुण्याच्या मुलाने त्याचा जुना लॅपटॉप दिला होता, त्यात समाजातल्या लग्नाच्या मुलामुलींची माहिती, फोटो, पत्रिका असं सगळं काकांनी एका बोटाने टाइप करून भरलं होतं. शनिवार-रविवार त्यांच्या ओसरीवर पाहुणे ठरलेले. येतात, बसतात, काका लॅपटॉप उघडून दाखवतात.

तो लॅपटॉप पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या आतून सुपारी कातरल्यासारखा आवाज येत होता. मी चाचणी लावली. डिस्कवरच्या जागा एकेक करून खराब होत चालल्या होत्या.

"काका, ही डिस्क चालली," मी म्हणालो. "आज ना उद्या बंद पडन. मंग आतलं काईच भेटनार नाई."

काका स्टुलावर बसले. "सगळे पोरंपोरी?"

"सगळे."

"गोपालबी?"

गोपाल हा त्यांचा सख्खा भाचा. सोनाळ्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याला त्याची संत्र्याची बाग आहे. बत्तीस उलटलेला, सरळ, निर्व्यसनी मुलगा, पण माहितीत 'व्यवसाय: शेती' असं लिहिलेलं. मुलीकडच्यांचे डोळे त्या ओळीवर आले की तिथेच थांबत. काकांनी गावोगावच्या लोकांची लग्नं जुळवली आणि बहिणीचा मुलगा तसाच राहिला होता. बहीण दर राखीला ओवाळताना काही बोलत नसे, आणि तेच काकांना लागत असे. त्यांनी तिला शब्द दिला होता, तुळशीचं लग्न लागलं की पहिलं लग्न गोपालचं.

"गोपालची तं मले तोंडपाठ हाये माहिती," काका म्हणाले, "पन बाकीच्यायची उतारून घे बापा. काय लागते थे बसव."

काम होईपर्यंत काका हलले नाहीत. आमच्याकडे लॅपटॉप दुकानात सोडून जायची पद्धत नाही, डोळ्यांसमोर काम झालं पाहिजे. मी जुन्यावरून नव्यावर उतरवणं सुरू केलं. पडद्यावर टक्के वाढत होते. काका प्रत्येक टक्क्याला मान हलवत होते.

"मधात कोनी उतरून तं नाई ना गेलं?"

"नाई काका."

"मोजून पाह्य. जुन्या गाडीतले किती, नव्या गाडीतले किती."

ही मागणी मला मनापासून आवडली. इतक्या वर्षांत कोणत्याच गिऱ्हाइकाने ती केली नव्हती, आणि मी ते मोजणं न मागता करतच होतो. दोन्हीकडचे आकडे काढले. तंतोतंत सारखे. काकांनी ते स्वतः वाचले आणि म्हणाले, "आता डबल मार."

मी बटण दाबलं. अकरा सेकंदांत पडद्यावर काकांच्या नातवाचा फोटो आला.

काका फोटोकडे पाहत राहिले. "तू बंद कुठी केलता?"

"केलता काका."

"पुन्हा कर."

पुन्हा अकरा. मग तिसऱ्यांदा. काकांनी लॅपटॉप छातीशी धरला आणि जाताना दुकानात उभ्या असलेल्या दोन अनोळखी गिऱ्हाइकांना सांगितलं, "नॉनस्टॉप झाली हो गाडी." मला धंद्यात याहून चांगलं प्रमाणपत्र मिळालेलं नाही. जुनी डिस्क मी कागदात गुंडाळून, वर नाव लिहून त्यांच्याकडेच दिली. गिऱ्हाइकाची वस्तू आपल्याकडे ठेवायची नाही.

तुळशीची लग्नं होऊन काही आठवडे गेले आणि काका पुन्हा दुकानात आले. लॅपटॉप काउंटरवर ठेवला. त्यावर ती कागदात गुंडाळलेली जुनी डिस्क ठेवली.

"हे बसवून दे."

"काऊन? नवा बिघडला का?"

"नाई. लय मस्त चालून राह्यला. म्हनूनच."

मला कळेना. काकांनी मागे वळून कोणी ऐकत नाही ना पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पहिले कसं होये? पाहुने येत. मी बटन दाबो. ते चाकोली फिरत राहे. फिरत राहे. तवापर्यंत तुही काकू पानी दे, चहा ठेवे. पाहुने काय करतीन? बोलत. तुमचं मूळ गाव कोनतं, तुमचे मामा कुठचे, मंग आमची आत्या बी तिकडचीच. चहा येईलोक नातं निंघे. नातं निंघालं का मानूस मोकळा होते. मंग मशीन चालू होये अन् कागद दिसे. तवा कागदात काई कमी-जास्त असलं तरी मानूस म्हने, असू द्या, घरचेच हाये. आता?"

"आता काय?"

"आता बुड टेकत नाई तं सगळं समोर. 'व्यवसाय: शेती.' बस. काकूनं गॅस पेटवेल नसते अन् पाहुने चपला शोधते. गोपालचे पाच पाहुने असे गेले. त्यातल्या एकानं तं पानीबी नाई पेलं."

हे गणित काकांना सुचलं नव्हतं, ते काकूंनी मांडलं होतं. चहाची पूड संपत नाही, दूध उरतं, याचा अर्थ काय, असा त्यांनी विचार केला आणि ओसरीवर येऊन सांगितलं, की लग्नं तुम्ही नव्हते जुळवत, तो बिघडलेला डबा जुळवत होता.

मी म्हणालो, "काका, जुनी डिस्क नाई बसवता येत. तिचे सेक्टर खराब हाये."

"माह्या भाच्याचं लग्न अडून राह्यलं अन् तू मले सेक्टर सांगून राह्यला."

"मंग तुमी लॅपटॉप उशिरानं चालू करत जा ना. आधी चहा घ्या म्हना."

"पाहुना आल्या-आल्या 'दाखवा' म्हनते. थांबा कसं म्हनू? मी थांबवलं तं वाटते, कायतरी लपवून राह्यला. मशीननं थांबवलं तं कोनी काई म्हनत नाई. उलट मलेच म्हनत, राहू द्या काका, जुना हाये, होईन सावकाश."

"मंग गोपालची ती ओळच काढून टाका. 'बागायतदार' लिहा."

काका ताठ झाले. "माह्या कागदात एक अक्षर मागं-पुढं होत नाई. शेती हाये तं शेती. मले लपवाचं नाई रे, मले फक्त थे ओळ याच्या आधी थोडा टाइम पायजे."

इथे मी अडकलो. माणूस खरं बोलत होता. आणि माझ्या धंद्याच्या तत्त्वाप्रमाणे त्याला जे हवं होतं ते देणं म्हणजे डॉक्टरने बऱ्या माणसाला ताप आणून देण्यासारखं होतं. मी जुनी डिस्क बसवणार नव्हतो, हे पक्कं. सगळ्या मुलामुलींसकट ती बुडाली असती. पण दुसरी एक सोय माझ्या हातात होती.

एका मशीनमध्ये विंडोजसारख्या दोन वेगळ्या प्रणाली टाकलेल्या असतील, तर सुरू होताना ते विचारतं, यातली कोणती उघडू? आणि उत्तर येईपर्यंत आकडे उलटे मोजत थांबतं. काकांच्या मशीनमध्ये एकच प्रणाली, त्यामुळे विचारण्यासारखं काही नाही. पण विचारायला लावता येतं. आणि किती वेळ थांबायचं तो आकडाही आपण ठरवू शकतो.

काकांना हे एकदम पटलं. "म्हंजे गाडी चांगली हाये, पन कंट्रोलरनं सोडली नाई."

"तसंच. किती वेळ थांबवू?"

"चहा होईलोक."

"काका, मले सेकंदात आकडा लागते."

काकांनी घरी फोन लावला आणि काकूंना विचारलं, चहाला किती वेळ लागतो. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण काकांनी फोन कानापासून थोडा लांब धरला. मग म्हणाले, "म्हनते, साधा का अद्रक टाकून?"

"पाहुन्यायले कोनता देता?"

"अद्रकचा."

अद्रकाचा, सहा कपांचा, वाटीत साखर काढून ठेवलेली नसताना, सात मिनिटं. मी हिशेब केला. साताला साठने गुणलं.

"चारशे वीस सेकंद."

"नाई नाई," काका घाईने म्हणाले. "हा आकडा नको. लग्नाचं काम हाये."

मग कपबशा नेऊन ठेवण्याचे तीस सेकंद धरून आम्ही साडेचारशे ठरवले. मी आकडा टाकला, मशीन बंद करून चालू केलं. निळा पडदा आला आणि त्यावर पांढरे आकडे उतरू लागले. नियमाप्रमाणे मी तीनदा मोजलं. दुकानात त्या दिवशी दुसरं काम झालं नाही. एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, पडदा पाहिला, बाहेर जाऊन पाटी पाहिली, पुन्हा आत येऊन पडदा पाहिला, आणि आपला लॅपटॉप काखेत मारून निघून गेलं.

"फक्त एक ध्यानात ठेवजा," मी काकांना सांगितलं. "मधात एंटरचं बटन दाबलं का थांबनं खतम. लगेच चालू होईन."

दुसऱ्या दिवशी काकूंनी एंटरच्या बटणावर आपली लाल टिकली चिकटवली. कोणाचं बोट तिकडे जाऊ नये म्हणून.

यानंतर काकांचं कसं चाललं आहे, हे मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या कामाची थोडी लाज वाटत होती. माझ्या हातून गेलेल्या मशिनांत तेवढं एकच, ज्याच्याबद्दल मी कोणाला सांगू शकत नव्हतो.

आता माझ्या घरचं सांगतो. माझी मुलगी वैष्णवी. खामगावला पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला आहे, रोज एस.टी.ने जाऊन-येऊन. तिचं पाहणं सुरू होतं. बायकोची, म्हणजे रेखाची, अट एकच, मुलगा नोकरीवाला पाहिजे, शक्यतो पुण्याचा. माझी अट नव्हती, पण मी आकड्यांचा माणूस. पगार किती, घरभाडं किती, हाती राहतं किती, हे आलेल्या स्थळांचं मी मनात मांडून पाहत असे. वैष्णवी काहीच म्हणत नसे. दोन मुलं पाहून झाली होती. दोन्ही वेळा ती नमुन्याच्या बाटलीवर चिठ्ठी लावावी तशा चेहऱ्याने बसली होती.

पौषाआधीच्या एका रविवारी रेखाने ठरवलं, वामनकाकांकडे जाऊ. त्यांच्याकडे पुण्याची चार-पाच स्थळं आहेत असं तिला कळलं होतं. मी म्हणालो, त्यांनाच लॅपटॉप घेऊन आपल्याकडे बोलावू; आपल्या घरी एंटर दाबणं माझ्या हातात असतं. रेखा म्हणाली, "काऊन? दोन घरं मागं राह्यते मानूस, तुमचे पाय दुखते का?" वैष्णवीही निघाली. तिचं म्हणणं, फोटो मलाच पाहायचे आहेत ना.

आम्ही ओसरीवर बसलो. काकांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला, माझ्याकडे न पाहता बटण दाबलं आणि काकूंना हाक मारली, "चार-पाच कप ठेव वं." निळा पडदा आला. साडेचारशे. चारशे एकोणपन्नास. वैष्णवी टेबलाच्या सगळ्यात जवळ बसली होती. माझ्या हातापासून ती लाल टिकली वीतभर लांब होती.

एवढ्यात फाटक वाजलं आणि खांद्यावर संत्र्यांचं क्रेट घेऊन एक उंच, उन्हाने रापलेला मुलगा आत आला.

"मामी, संत्रे कुठी ठेवू?"

"अरे, हा आमचा गोपाल," काका म्हणाले. जणू तो आत्ताच आभाळातून पडला. "बस ना बे जराशीक. पाहुने हाये."

गोपाल पायरीवर बसला. मी पडद्याकडे पाहिलं. तीनशे नव्वद. मला सगळं समजलं, आणि तो आकडा मीच टाकलेला होता.

रेखाला शांत बसणं जमत नाही. "कोनत्या गावचे तुमी?"

"सोनाळ्याकडची बाग हाये ना आमची. तिकडेच राह्यतो."

"तिकडं आमचं कोनी नाई," रेखा म्हणाली. विषय संपल्यासारखं वाटलं. मग पडदा अजून निळाच आहे हे पाहून तिने पुढे विचारलं, "अन् आत्या वगैरे?"

"एक आत्या पातुर्ड्याले देल्ली."

रेखाचं माहेर पातुर्डा. ती खुर्चीत पुढे सरकली. "पातुर्ड्याले कोनाकडे? सुमनबाई का? गिरनीच्या मागच्या?"

"हाव. तेच."

"थांब थांब. सुमनबाईच्या पोरीच्या लग्नात एक पोरगं हरवलतं. सगळं वऱ्हाड शोधून राह्यलतं, हिरीत गळ टाकले. अन् ते बुंदीच्या टोपल्यामागं झोपेल होतं."

गोपालने मान खाली घातली. "मीच तो."

"तोंडाले सारा पाक लागेल, अन् मुंग्या."

"मुंग्यायनंच उठवलं मले."

रेखा हसली. काकू पाणी घेऊन आल्या, त्याही हसल्या. दोनशे ऐंशी. वैष्णवीने पहिल्यांदा गोपालकडे नीट पाहिलं.

"आता तुमच्या बागेत कोण येतं बुंदी खायला?" तिने विचारलं.

"माकडं येते ना," गोपाल म्हणाला. "पहाडातून उतरते. आमी फटाके लावून पाह्यले. दोन दिवस घाबरले, तिसऱ्या दिवशी फटाका लावला का पाहाले येत. मंग कोनीतरी सांगतलं, वाघाचं पुतळं ठेवा. मी शेगावच्या बाजारातून एक मऊ वाघ आनला, लहान लेकरं घेऊन झोपते तसा. झाडाले बांधला. दुसऱ्या दिवशी जाऊन पाह्यतो तं वाघ गायब."

"मग?"

"मंग चार दिवसानं एक माकडीन दिसली. तिच्या काखेत वाघ."

वैष्णवी हसली. खामगावच्या नोकरीनंतर, दोन स्थळांनंतर, ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. गोपालही तिला हसताना पाहून थोडा गडबडला आणि हातातलं संत्रं सोलू लागला. सोलून अर्धं तिच्यापुढे धरलं. तिने घेतलं.

एकशे ऐंशी. मी माझ्या मनातला हिशेब मांडायचा प्रयत्न केला. बाग किती एकर, भाव किती, पाणी कुठलं. आकडे जमेनात, कारण मी सारखा तो निळा पडदा पाहत होतो. बोट पुढे केलं असतं तर पुण्याची पाच मुलं ओसरीवर येऊन उभी राहिली असती.

तेवढ्यात रेखाचं लक्ष गेलं. "काऊन हो, हे मशीन तुमीच दुरुस्त केलं ना? एवढा टाइम काऊन लागून राह्यला?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. काकाही. त्यांच्या डोळ्यांत, तिकीट न काढलेल्या पण ओळखीच्या प्रवाशाकडे पाहावं तशी नजर होती. माझ्या दुकानाची पाटी माझ्या डोळ्यांसमोर आली. साधारण दहा ते पंधरा सेकंद.

मी म्हणालो, "लागते थोडा टाइम. जुना हाये."

"मंग राहू द्या," रेखा म्हणाली, आणि गोपालकडे वळली. "पुढं काय झालं त्या वाघाचं?"

काकूंनी चहा आणला. अद्रकाचा. कप हातात आले आणि पडदा उजळला. काकांचा नातू फोटोत हसत होता. काकांनी पाच मिनिटं वाट पाहिली, कोणी काही विचारलं नाही, तेव्हा त्यांनी झाकण हळूच खाली केलं. निघताना मात्र त्यांनी मला थांबवलं. पुन्हा लॅपटॉप उघडून गोपालचा कागद काढला आणि 'व्यवसाय: शेती' ही ओळ बोटाने दाखवली.

"हे पाहून घे. नंतर म्हनशीन सांगतलं नाई."

"पाह्यली," मी म्हणालो.

"वहिनीले दाखव."

रेखाने चष्मा लावून ती ओळ वाचली. "माहीत हाये ना," ती म्हणाली. "संत्रे काय हाफिसात येते?"

पुढचं ठरायला अर्थात वेळ लागला. वैष्णवी एकदा एकटी सोनाळ्याला जाऊन बाग पाहून आली, लॅबचं काय करायचं ते तिने आणि गोपालने बसून ठरवलं. आता तिकडेच तिचं रक्त-लघवीचे नमुने घेण्याचं केंद्र आहे. लग्नात काकांच्या बहिणीने काकांना ओवाळलं आणि मोठ्याने रडली, आणि काका म्हणाले, "चाल, आता रांगेत उभी राह्य, लोकं जेवाले थांबेल हाये." मला त्यांनी बाजूला घेऊन विचारलं, चुलत भाच्याचा एक अवघड मुलगा आहे, साडेचारशेचे हजार होतील का? मी सांगितलं, मशीन नऊशे नव्व्याण्णवच्या पुढे थांबत नाही. ते म्हणाले, तेवढ्यात काकू पोहे करू शकेल.

रेखाला मी अजून सांगितलेलं नाही. दुकानात बसली की ती गिऱ्हाइकांना आपणहून सांगते, "आमचे हे काम चोख करते, पन मशीन जराशी हळू चालते." मी ऐकून घेतो.

त्या रविवारी काकांकडून परत येताना रेखा पुढे चालत होती, फोनवर पातुर्ड्याला कोणाला तरी बुंदीची गोष्ट सांगत. वैष्णवी माझ्याबरोबर मागे होती. हातात अर्धं संत्रं.

"बाबा, एंटर दाबलं असतं तर लगेच सुरू झालं असतं," ती म्हणाली.

मी थांबलो. "तुले कसं समजलं?"

"पडद्यावर लिहिलेलं होतं ना. टिकलीच्या वर."

"मंग दाबलं काऊन नाई?"

तिने एक फोड तोंडात टाकली.

"माकडांची गोष्ट अर्धी राहिली असती," ती म्हणाली.